शेजारच्याचा घास

अकोला, १२ नोव्हेंबर २०२५

रमाबाई विहीणबाईस द्वारका गावंडेचा नमस्कार.

पहिले तं आली आकांक्षा. उंच पोरगी, कानात काईच नाई, खांद्यावर झोळी. मले वाटलं पोलिओवाली आली, म्हणून मी सगळे पोट्टे लाईनीत उभे केले अन् तोंडं उघडाले लावली. ते बिचारे आ करून उभे, अन् तिले काई समजेना. मंग तिच्या मांगून आली जुईली मॅडम, आकांक्षा तिच्याच हाताखाली काम करते. ती म्हणे, आजी, आम्ही डोस द्यायला नाही आलो, मुलांना बघायला आलो. तुमच्याच अमरावतीची हाये. लहान लेकरं घरच्या रीतीभातीतून काय शिकतात अन् चार जातीची, दोन धर्माची लेकरं एका जागी बसली तं काय होते, याच्यावर तिचं संशोधन चालू हाये म्हणते. आता सांगा विहीणबाई, अमरावतीतल्या तुमच्या टाईलवाल्या शाळा सोडून ती बाई कोठी आली? आमच्या बिस्मिल्लाबीच्या ओसरीत, जिथं ती अन् मी बालवाडी चालवतो.

फोन नाई करत, चिठ्ठी लिहितो. तुमच्या चारुताचा हुकूमच हाये तसा. फोनवर आपण दोघी भांडतो अन् ईशान ऐकते. चौथी नापास बाईले एवढं लिहाले किती जड जाते ते तुमाले नाई समजणार, तुमी मास्तरीण. मोझरीच्या भजनात बसून बसून माही वाचाची सवय राह्यली, नाईतं तेही गेलं असतं. सून म्हणते म्हणून लिहितो.

तं मी काय सांगत होती. जुईली मॅडम भिंतीले टेकून बसली, हू नाई चू नाई. बिस्मिल्लाबीनं चहा देल्ला तं तो निवून गेला, तरी हिचं आपलं पाहणं चालू. पोट्ट्यायनं मातीचे बैल केले, एकानं दुसऱ्याच्या बैलाचं शिंग मोडलं, बिस्मिल्लाबीनं दोघायले हिंदीत झापलं, मी वऱ्हाडीत झापलं. मंग जेवण झालं. ते तिनं लय बारकाईनं पाह्यलं. अन् जाता जाता मले हळूच विचारते, आजी, यांच्यातला ईशान कोणता?

मले गंज आनंद झाला. माह्या नातवाचं नाव अमरावतीपर्यंत गेलं. तुमाले वाटत असते ना का इथं तो मातीत लोळते, तं म्हणलं कळवावं.

परत येतो म्हणल्या त्या.

द्वारका


अमरावती, २० नोव्हेंबर २०२५

द्वारकाबाई,

तुमचं पत्र मिळालं. तुमचा आनंद मोडायची इच्छा नव्हती, पण तुम्हीच विषय काढलात.

जुईली माझी विद्यार्थिनी. तुमच्या बालवाडीचा पत्ता तिला मी दिला. तिच्या अभ्यासाला जागा हवी होती आणि मला माझ्या नातवाची खबर हवी होती, कारण तुमच्याकडून ती फक्त कौतुकाच्या रूपात येते. तिने मला जे सांगितलं ते असं: ईशान स्वतःच्या हाताने जेवत नाही. एक घाससुद्धा नाही. त्याला चार वर्षं पूर्ण झाली आहेत. दोन वर्षांचं मूल जे करतं ते त्याला करता येत नाही, आणि तुम्हाला ते दिसत नाही.

चारुता आणि रविकांत नाशिकला नोकरीत अडकलेले, म्हणून मूल तुमच्याकडे राहिलं. माझ्याकडे ठेवा असं मी तेव्हाही म्हटलं होतं. लग्न मला पसंत नव्हतं एवढ्या एका गोष्टीसाठी मला नातवापासून लांब ठेवलं गेलं, हे मी विसरलेले नाही.

मी तीस वर्षं शिकवलं आहे. जून महिन्यात वर्गात येऊन 'मले पाणी पायजे' म्हणणारी मुलं मी पाहिली आहेत. बाकीचे हसतात. बाई थांबवतात, पण हसून झालेलं असतं. मग ते मूल दिवाळीपर्यंत तोंड उघडत नाही. ईशानचं तसं होऊ नये एवढंच मला हवं आहे. इथल्या शाळेत त्याचं नाव मी नोंदवलं आहे. चारुता जानेवारीत येईल, मुलाला बघेल आणि मग ठरवेल, असं तिने मला कबूल केलं आहे. तोपर्यंत त्याला निदान हाताने जेवायला शिकवा. आणि कोणाच्या डब्यातलं काय त्याच्या पोटात जातं याकडेही लक्ष द्या.

रमा देवपुजारी


अकोला, २६ नोव्हेंबर २०२५

विहीणबाई,

म्हणजे तुमी आमच्या बालवाडीत हेर पाठवला अन् आमी त्याले चहा पाजला.

चिठ्ठी वाचली अन् दुसऱ्या दिवशी लिहाले बसली. पहिले डब्याचं ऐका. आमच्या इथं डब्यात मटण नाई, अंडं नाई. हा नियम कोणी लावला? बिस्मिल्लाबीनं लावला. इनायतुल्ला टेलरची माय ते. तिच्याच ओसरीत बालवाडी भरते अन् तिच्याच नातीले, अलीझाले, घरचा अंड्याचा पराठा डब्यात मिळत नाई. ते पोरगी रोज तोंड वाकडं करून आंबाडीची भाजी आणते. आता बोला.

दुसरं. ईशान हातानं जेवत नाई म्हणता. कोणीच नाई जेवत. आमची रीत हाये ते. दोन वर्षामांगं लेकरं डब्यावरून लय भांडत. कोणाच्या डब्यात शिरा, कोणाच्या डब्यात नुसती शिळी भाकर. शिरावाला पाठ करून खाये अन् भाकरवाला त्याच्या पाठीकडं पाहत बसे. बिस्मिल्लाबीनं सगळ्यायले गोल बसवलं अन् म्हणलं, पहले बाजूवाले को खिलाओ, फिर अपना. पोट्टेच ते, त्यायले असा चस्का लागला का आता सगळं जेवणच एकमेकाले भरवतात. स्वतःच्या डब्यातलं स्वतःच्या तोंडात कोणी टाकतच नाई. जो उजवीकडं असन त्याले भरवाचं, डावीकडचा तुमाले भरवन. ईशान अलीझाले भरवते. डावीकडं देवानंदचा पिंटू असते, तो ईशानले भरवते अन् निम्मं नाकात घालते, ते मात्र खरं हाये.

हे तुमच्या जुईलीनं सांगतलं नाई काय? का सांगतलं अन् तुमी गिळलं?

मले-तुलेचं म्हणाल तं तुमची चारुता आता माह्याशी मले-तुलेच बोलते. तिचं तोंड काई बंद नाई झालं.

हेराले पाठवा परत. हातानं जेवून दाखवतो म्हणा माहा नातू. मी पण गावंडेची सून हाये.

द्वारका


अमरावती, ३ डिसेंबर २०२५

द्वारकाबाई,

जुईलीने सगळं सांगितलं होतं. गोल बसण्याचंही. तिला त्यात काहीतरी विशेष वाटत होतं. मला नाही वाटलं.

डब्यात काय असतं हा मुद्दाच नाही. कोणाच्या हातून येतं हा आहे. चारचौघांची बोटं मुलाच्या तोंडात जाणार, कोण कुठून आलं, घरी काय हाताळलं, काही माहीत नाही. आमच्या घरात स्वच्छतेचे काही नियम आहेत. चारुता त्यातच वाढली.

जुईली पुढच्या आठवड्यात येईल. ती माझ्या सांगण्यावरून येत नाही, तिच्या कामासाठी येते. हेर हा शब्द परत वापरू नका.

रमा देवपुजारी


अकोला, १३ डिसेंबर २०२५

विहीणबाई,

घ्या. तुमचा हेर येऊन गेला अन् तुमच्या नातवानं सगळा डबा आपल्या हातानं साफ केला. वरण बी सांडलं नाई. जुईली मॅडम डोळे फाडून पाहत होती.

सोपं नोतं ते. मी आठ दिवस पोट्ट्यायच्या मांगं लागली. गोल मोडला, भिंतीले तोंड करून ओळीनं बसवलं. ज्याचा डबा त्यानं खावा, दुसऱ्याच्या तोंडात हात गेला तं फटका. पहिल्या दिवशी पिंटू रडला. दुसऱ्या दिवशी कोणी जेवलंच नाई. पण मी बी हट्टाची. जुईली मॅडम आली त्या दिवशी सगळे कसे फौजेवानी बसले होते.

अलीझाचा डबा तसाच्या तसा राह्यला. तिले भूक नसन. बिस्मिल्लाबी मधल्या दाराशी उभी होती, आत आली नाई. आता दोन दिवस झाले माह्याशी बोलत नाई, तिचं डोकं दुखत असन, तिले थंडीचा त्रास हाये. शिवाय तिची बकरी आमच्या तुरीत शिरली होती, त्याच्यावरून मी जरा बोलली होती. त्याचंही असन.

जुईली मॅडमचं मात्र काई समजलं नाई. जेवणं झाल्यावर मले बाजूले घेऊन म्हणते, "आजी, हे तुम्ही शिकवून ठेवलंय."

मी म्हणलं, "मंग शिकवाले नाई पायजे काय? तुमीच तं लिहून नेलं का पोराले येत नाई."

ती म्हणे, "येत नाही असं मी म्हटलं नाही. करत नाही म्हटलं. आणि आजचं मी लिहू शकत नाही, हे तुमच्या बालवाडीतलं नाही." मंग जरा खाली पाहून म्हणते, "चूक माझीच आहे. एका मुलाचं नाव घेऊन मी बाईंना सांगायला नको होतं. आमच्या कामात तसं चालत नाही. आता नाही सांगणार."

म्हणजे तुमाले ती आता काई सांगत नाई. बरं झालं. पण मी सांगतो ना: डबा साफ, हात साफ, पोट्टा हुशार. चारुताले तेच कळवा.

द्वारका


अमरावती, २२ डिसेंबर २०२५

द्वारकाबाई,

जुईली आता माझा फोन घेत नाही. याबद्दल तुमचं अभिनंदन.

पण तुमच्या पत्रात तुम्ही स्वतःच जे लिहून दिलंत ते परत वाचा. परका माणूस बघायला येणार म्हटल्यावर तुम्ही गोल मोडलात. तुमची ती रीत एवढी चांगली असती तर ती झाकली नसती. तुम्हालाही तिची लाज वाटते. फक्त माझ्याइतकं स्पष्ट बोलायचं धाडस तुमच्यात नाही.

आणि फटके देऊन शिकवायची वेळ आली, म्हणजे ते मूल आधी शिकलेलं नव्हतं हेही तुम्हीच कबूल केलंत.

मी आणि चारुता गुरुवारी ८ जानेवारीला सकाळी येतो. ईशानचे कपडे आणि खेळणी भरून ठेवा. त्याची खोली मी रंगवून घेतली आहे. खिडकीतून रेल्वे दिसते, त्याला आवडेल.

रमा देवपुजारी


अमरावती, ११ जानेवारी २०२६

द्वारकाबाई,

गुरुवारी जे झालं ते तुम्ही घडवून आणलंत. मला त्या घोळक्यात बसवणं हा ठरवून केलेला खेळ होता. माझा गुरुवारचा उपवास असतो, हे चारुताला माहीत आहे, तिने तेव्हाच सांगायला हवं होतं. उपवासाच्या दिवशी मी भाकरी कशी खाणार होते? उलट तुम्ही सगळ्यांनी असा समज करून घेतलात की मी एका लहान मुलीचा अपमान केला.

चारुता गाडीत दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. ईशानच्या खोलीचं दार मी बंद करून ठेवलं आहे. तुमच्या मनासारखं झालं. आता निदान माझ्याबद्दल गल्लीभर सांगत फिरू नका.

रमा


अकोला, १६ जानेवारी २०२६

विहीणबाई,

उपवास म्हणता. मंग त्या सकाळी माह्या हातचे पोहे कोणाच्या पोटात गेले? दोनदा घेतले तुमी. वरून म्हणल्या, शेव जरा जाड आहे.

मी गल्लीत काई सांगत नाई. गल्लीनं सोताच पाह्यलं. पण तुमी लिहून राहिल्या तसं झालं नाई, म्हणून लिहून ठेवतो. उद्या पोट्टा मोठा झाला अन् तुमची चिठ्ठी त्याच्या हाती लागली तं माही पण असावी.

पहिले लाजेचं. ते तुमचं बोलणं मले लागलं. आठ दिवस लागत राह्यलं. मी बिस्मिल्लाबीच्या दारी गेली. ती शेंगा फोडत होती, वर पाह्यलंच नाई. म्हणते कशी, "तेरी समधन की एक चिठ्ठी आई और तूने हमारे बच्चों के हाथ बाँध दिए. मेरी अलीझा तीन दिन भूकी उठी, उसको लगा उसके हाथ गंदे हैं." मी पाट ओढला अन् तिच्यासोबत शेंगा फोडाले बसली. सगळ्या फोडून झाल्या तेव्हा ती म्हणे, कल से गोल बिठाना. इतकंच. गोल मोडाचं काम मी केलं तुमच्यापायी, त्याचा राग तुमच्यावर राह्यलाच, तो काई जात नाई.

तं त्या गुरुवारी गोल आधीपासूनच होता. मी खेळ नाई केला. चारुता म्हणे, मले पाहाचं हाये, आई तूबी बस. तुमी बसल्या. जागा मी नाई देल्ली, पोट्ट्यायनं सरकून देल्ली. ईशानले वाटलं आजी आपल्या जोळ बसावी, म्हणून तो अलीझाच्या दुसऱ्या बाजूले सरकला, अन् तुमी बसल्या दोघायच्या मधात, अलीझाच्या उजवीकडं. आता उजवीकडच्याले भरवाचं हे तिले कोणी सांगाले नाई लागत. तिनं भाकर मोडली, वरणात बुडवली, तुमाले भाजू नाई म्हणून फुंकर मारली अन् हात वर केला.

तुमी तोंड मिटून घेतलं. उपवास हाये, असं तुमी म्हणलं नाई. तुमी म्हणलं, "नको." अन् पदरानं तोंड झाकलं. तिचा घास लागलाही नोता तुमाले, तरी तुमी पुसून घेतलं.

पोरगी हात तसाच वर धरून बसली. खाली कसा घ्यावा हे तिले समजेना, कोणी कधी नाई म्हणलंच नोतं. वरण तिच्या कोपरापर्यंत गेलं. अन् तुमचा नातू, ज्याले काईच येत नाई, तो वाकून तुमाले म्हणते, "आजी, तोंड उघड ना, तिचा हात दुखून राहिला." तुमी उठल्या. चप्पल घालून अंगणात जाऊन उभ्या राह्यल्या.

तुमच्या जाग्यावर तुमची चारुता बसली. तिनं तोंड उघडलं. तिच्या डोळ्यात पाणी होतं का वरण तिखट होतं, मले माहीत नाई, बिस्मिल्लाबीचं वरण तिखटच असते. अलीझाचा सगळा डबा चारुताच्या पोटात गेला. मंग तिनं तिथंच, पोट्ट्यायसमोर, तुमाले ऐकू जाईन असं सांगतलं का ईशान पहिलीत जाईपर्यंत इथंच राहीन. तुमी दाराशी होत्या. तुमी ऐकलं. तुमी म्हणलं, "विचार कर." ती म्हणे, "केला, आई."

मले आनंद झाला. खोटं कशाले बोलू. तुमी ऑटोत बसल्या अन् डोळ्याले पदर लावला तेव्हाबी मले आनंदच झाला होता. कपडे मी भरलेच नोते, तुमची चिठ्ठी आली तरी नोते भरले. तुमच्या रंगवलेल्या खोलीचं वाचून मात्र जरा वाईट वाटलं. जरासंच. रेल्वे इथंबी दिसते, पटरी आमच्या मांगूनच जाते.

रातच्याले ईशान विचारते, "अमरावतीच्या आजीचं तोंड दुखते काय?" मी काय सांगू सांगा. मी म्हणलं, हाव. तो म्हणे, मंग तिले पातळ भरवा लागन. तुमी शाळेत तीस वर्ष जे शिकवलं त्याच्यात हे कोठी होतं, मले सांगजा.

जुईली मॅडमनं आता आपला प्रश्न बदलला. पहिले विचारे, लेकरू स्वतः जेवते काय. आता त्याच्यासंगं विचारते, दुसऱ्याले भरवते काय, समोरचा चावून होईपर्यंत थांबते काय. आमचा पिंटू त्याच्यातही नापास होईन, तो थांबत नाई. पण बाकीचे पास.

कालच चारुताचा फोन आला. म्हणे, मी आईले सांगतलं, सुट्टीत ईशान पायजे असन तं पहिले त्या गोलात जाऊन बस अन् जे लेकरू बाजूले असन त्याच्या हातचं खा. मले वाटलं तुमी फोन आपटला असन. पण ती म्हणे, आई येतो म्हणाली, जुईली तिच्या कामासाठी येऊन राहिली, तिच्यासोबत.

या. मी काई अडवत नाई. पण मी तुमच्यासाठी जागा धरून ठेवणार नाई, अन् कोणते पोट्टे कोठी बसतात ते बदलणारही नाई. तुमच्या बाजूले अलीझा आली तं अलीझा. पिंटू आला तं नाक सांभाळजा. परत "नको" म्हणाचं असन तं अमरावतीहून निघूच नोका, त्या पोरीसमोर दुसऱ्यांदा मी गप नाई बसणार, विहीण असल्या तरी नाई. बिस्मिल्लाबीले मी सांगतलं. तिनं एक ताट जास्तीचं घासून ठेवलं.

चारुतानं सांगतल्याप्रमाणं तुमी अन् जुईली मॅडम येत्या मंगळवारी येतो म्हणल्या.

द्वारका